आराखडा विभागाच्या वेळापत्रकापर्यंत नेताना

आमच्या विद्यापीठात त्या वर्षी तीन आराखडे एकाच वेळी नांदत होते आणि तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. पहिला कायद्याने करावाच लागणारा पंचवार्षिक बृहत् आराखडा. दुसरा नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तयारीत आयक्यूएसीने, म्हणजे विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, लिहिलेला, कारण नॅकच्या तेव्हाच्या सहाव्या निकषात धोरणात्मक आराखडा आहे का आणि तो प्रत्यक्षात राबवला जातो का, असं सरळच विचारलेलं होतं. तिसरा नवा, संस्थात्मक विकास आराखडा, ज्याला सगळे आयडीपी म्हणतात. या तिन्हींच्या खाली प्रत्येक विभागाचं स्वतःचं गणित चालू होतं: यंदा कोणता पेपर कोण शिकवणार, कोण निवृत्त होतंय, कुठल्या ऐच्छिक विषयाला मुलं मिळतील. हे गणित कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

कुलगुरूंनी समिती नेमली. आदेशात विषय लिहिला होता, ‘विभागांच्या शैक्षणिक प्राधान्यक्रमांची संस्थात्मक विकास आराखड्याशी सांगड घालणे’. मी विभागप्रमुख होतो, शिवाय आयक्यूएसीचा सदस्य, म्हणून समन्वयक झालो. समन्वयक म्हणजे ज्याने इतिवृत्त लिहायचं तो, हे अनुभवी लोकांना सांगायला नको.

आधी हे तीन आराखडे वेगळे का, ते सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ नुसार प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. अधिष्ठाता मंडळ तो तयार करतं आणि राज्य उच्च शिक्षण आयोगाची, म्हणजे माहेडची, मान्यता घ्यावी लागते. पण त्याचा भर नवी महाविद्यालयं आणि नवे अभ्यासक्रम कुठे हवेत, कोणत्या तालुक्यात काय नाही, यावर असतो. त्याची नजर बाहेर, कार्यक्षेत्रावर असते. आयडीपीची नजर आत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रशासनाच्या प्रकरणात त्याचा उल्लेख आहे: संस्थेने स्वतःचा आराखडा करावा, तो करताना नियामक मंडळ, शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी सगळे असावेत, त्यावर स्वतःची प्रगती तपासावी आणि पुढे सरकारी निधीसाठीही तो आधार ठरू शकेल. विद्यापीठ अनुदान आयोगाची त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये आली. त्यात प्रशासन, वित्त, शैक्षणिक बाबी, संशोधन, मनुष्यबळ, भौतिक आणि डिजिटल सुविधा असे विभाग पाडलेले आहेत. आमचा आयडीपी त्याच चौकटीत बसवला होता. वाचायला चांगला होता. कुठल्याही विद्यापीठाच्या नावाने छापला असता तरी चालला असता, ही त्याची अडचण.

कामाला सुरुवात झाली ती प्रशासनाकडून आलेल्या एका नमुन्याने. एक्सेलची शीट. डावीकडे विभागाचं प्राधान्य, मग कालावधी, अपेक्षित खर्च आणि शेवटचा रकाना, ‘आयडीपीतील कोणत्या उद्दिष्टाशी सुसंगत’. त्या रकान्यात ड्रॉपडाऊन होता. विभागांनी शीट भरून पाठवल्या आणि सगळ्या एकत्र केल्यावर दिसलं, की विद्यापीठातली प्रत्येक गोष्ट आयडीपीशी सुसंगत आहे. प्रयोगशाळेतला जुना फ्युम हूड बदलणं ‘संशोधन परिसंस्था’ खाली. विभागाचा छोटा हॉल वातानुकूलित करणं ‘डिजिटल आणि भौतिक सुविधा’ खाली. जे कुठेच बसत नव्हतं ते ‘भारतीय ज्ञान प्रणाली’त बसलं. त्यात कॅलिग्राफीची कार्यशाळा होती, योगदिनाचा कार्यक्रम होता, आणि एका विभागाने तर वार्षिक सहलही तिथेच टाकली होती, ऐतिहासिक स्थळाला भेट म्हणून.

विभागांना यात दोष देण्यात अर्थ नव्हता. ज्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर पैसे मिळणार नाहीत अशी शंका आहे, तिथे कोण ‘नाही’ लिहील? एकत्र केलेली शीट घेऊन आम्ही वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ती वरून खाली पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, “सर, हे सगळंच प्राधान्य असेल तर मी कपात कशात करायची?” समितीच्या सगळ्या बैठकांत यापेक्षा नेमका प्रश्न दुसरा कोणी विचारला नाही.

मग आम्ही तो सुसंगतीचा रकाना शेवटून काढून टाकला आणि त्याऐवजी प्रत्येक प्राधान्यासोबत विभागाचा कार्यभार मागितला. कोण शिकवणार, आठवड्याचे किती तास, आणि ते तास सध्या कशात जातात. हे ऐकून काही प्रमुख नाराज झाले. कार्यभाराचा तक्ता ही तशी खासगी गोष्ट असते. तो बाहेर आला की कोणाचा भार कमी, कोणाचा जास्त, हेही बाहेर येतं. पण तक्ते आले, आणि चर्चा पहिल्यांदा जमिनीवर आली.

संख्याशास्त्र विभागाचं उदाहरण घेतो, कारण तिथे सगळं एकदम स्पष्ट दिसलं. आयडीपीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की विद्यापीठ डेटा सायन्समध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करेल. विभागालाही तो हवाच होता. सांगड कागदावर परिपूर्ण. आता आधी सध्या चालू असलेल्या एम.एस्सी.चे तास मोजू. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सत्राला २२ क्रेडिट. एका वेळी पहिलं आणि तिसरं सत्र चालू असतं, म्हणजे ४४. त्यातून संशोधन प्रकल्पाची वजा केली तरी चाळीसच्या घरात राहतात. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला दोन. म्हणजे चाळीसपेक्षा तास जास्तच. आणि विभागात कायमस्वरूपी शिक्षक दोन: एक सहयोगी प्राध्यापक, ज्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार आठवड्याला १४ तास, आणि एक सहायक प्राध्यापक, १६ तास. दोघांचे मिळून ३०. उरलेलं सगळं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर, जे आज आहेत आणि जूनमध्ये असतील की नाही ते त्यांनाही माहीत नसतं. हा चालू असलेल्या एकाच अभ्यासक्रमाचा हिशेब झाला. त्यावर आयडीपी दुसरा अभ्यासक्रम ठेवत होता.

विभागप्रमुख म्हणाले, “सुरू तर करू, शिक्षक येतील.” अधिष्ठाता मॅडमनी विचारलं, “कुठून?” पदभरतीला शासनाची परवानगी लागते, बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याचा तक्ता, तपासून घ्यावी लागते, जाहिरात, छाननी, मुलाखती, आणि मधे कोणी न्यायालयात गेलं की विषय संपला. आयडीपीच्या मनुष्यबळाच्या प्रकरणात ‘रिक्त पदे कालबद्ध रीतीने भरली जातील’ असं वाक्य होतं. त्या वाक्यात कर्ता नव्हता. कोण भरणार, केव्हा, कोणाच्या मंजुरीने, काही नाही. विद्यापीठाच्या हातात नसलेली गोष्ट गृहीत धरून शैक्षणिक प्राधान्य ठरवायचं नाही, हा समितीचा पहिला खरा निर्णय त्या बैठकीत झाला. डेटा सायन्सचा अभ्यासक्रम दोन टप्प्यांत तोडला: आधी सध्याच्या एम.एस्सी.त ऐच्छिक विषयांचा एक गट, स्वतंत्र पदवी नंतर.

मग ‘काय थांबवणार’, म्हणजे नव्या कामासाठी जुनं काय सोडणार, हा रकाना आला. तो आम्ही मुद्दाम घातला आणि पहिल्या फेरीत तो जवळपास सगळीकडे कोरा आला. एका प्रमुखांनी ‘लागू नाही’ लिहिलं. हा प्रश्न लेखी विचारून उपयोग नाही, समोर बसूनच विचारावा लागतो, हे तेव्हा लक्षात आलं. कारण थांबवण्याजोग्या प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस असतो. एखादा ऐच्छिक विषय निवृत्त झालेल्या सरांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुरू केलेला असतो, त्यांचे विद्यार्थी आज विभागात शिकवत असतात. तो बंद करा म्हणणारे आम्ही कोण?

इथे अनपेक्षित मदत झाली ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रम-रचनेतल्या एका पेपरची. पदव्युत्तर पहिल्या वर्षाला संशोधन पद्धतीचा चार क्रेडिटचा पेपर आता सगळ्यांनाच आहे. प्रत्येक विभाग तो स्वतंत्र शिकवत होता. म्हणजे एकाच आवारात, एकाच सत्रात, नमुना निवड, प्रश्नावली, संदर्भ कसे द्यायचे, वाङ्मयचौर्य म्हणजे काय, हे डझनभर वर्गांत वेगवेगळे शिक्षक सांगत होते. हे एकत्र केलं तर तास मोकळे होतील, हे गणित कोणालाही कळेल. विरोध मानव्यविद्येतून झाला आणि तो रास्त होता. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, “माझ्या विद्यार्थ्याला दप्तरखान्यातला कागद खरा की बनावट ते ओळखायला शिकायचंय. त्याला काय-स्क्वेअर चाचणी शिकवून मी काय करू?” शेवटी तोडगा निघाला: दोन क्रेडिट सामायिक, दोन विभागाची स्वतःची. सामायिक भागात संशोधनाची नीती, ग्रंथालय आणि डेटाबेस वापरणं, संदर्भलेखन, प्राथमिक आकडेवारी. प्रत्येक अभ्यास मंडळाने वेगळा ठराव केला, कारण नियमाने तसंच करावं लागतं. मोकळे झालेले तास थोडेच होते. पण ते खरे होते, आणि संख्याशास्त्राचा ऐच्छिक गट त्यातल्याच काही तासांवर उभा राहिला.

याच इतिहासाच्या मॅडमकडे मोडी लिपीचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. छोटा, शनिवार-रविवारी चालणारा. आयडीपीच्या कोणत्याही उद्दिष्टाशी त्याची सांगड लागत नव्हती, म्हणून पहिल्या शीटमध्ये तोही भारतीय ज्ञान प्रणालीच्या टोपलीत पडला होता. मी त्यांना विचारलं, “मॅडम, हा खरं तर कुठे बसतो?” त्यांनी प्रवेश घेतलेल्यांची यादी पुढे केली. त्यात विद्यार्थी कमी होते. वकील होते, जमिनीची जुनी कागदपत्रं घेऊन फिरणारे लोक होते, महसूल खात्यातले दोन कर्मचारी होते, एक निवृत्त शिक्षक होते. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं कमी पडली, हे आपण सगळ्यांनी बातम्यांत वाचलं. त्यानंतर त्यांच्याकडे चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढली होती. अभ्यासक्रमाचा खर्च नगण्य आणि बाहेरच्या समाजाला त्याचा थेट उपयोग. आणि आमच्या आयडीपीत समाजाशी नातं या शीर्षकाखाली काय होतं? दत्तक गाव, स्वच्छता मोहीम, रक्तदान शिबिर.

म्हणजे इथे चूक विभागाची नव्हती, आराखड्याची होती. हे समितीत मांडल्यावर एक सदस्य म्हणाले, “आयडीपी व्यवस्थापन परिषदेने मंजूर केलाय, त्यात आपण हात घालू शकत नाही.” यावर बराच वाद झाला. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की सांगड एका दिशेने घालायची असेल तर समिती नेमायची गरजच नाही, एक परिपत्रक पुरेसं आहे. शेवटी प्र-कुलगुरूंनी मध्यम मार्ग काढला. मूळ मजकुराला हात न लावता परिशिष्ट जोडायचं: विभागांकडून आलेली, उद्दिष्टांत न बसणारी पण टिकवावी अशी कामं. त्या परिशिष्टात मोडी आली, भूगोल विभागाचं विहिरींच्या पाणीपातळीचं अनेक वर्षांचं मोजमाप आलं, आणि वनस्पतिशास्त्राचा वनस्पतीसंग्रह आला, ज्याला एरवी ‘जागा अडवणारी कपाटं’ म्हणत. व्यवस्थापन परिषदेत परिशिष्ट फारशी चर्चा न होता संमत झालं. मुख्य आराखड्यापेक्षा या परिशिष्टाचा दर्जा जास्त खरा वाटतो मला, पण ते जाऊ द्या.

कॅलेंडरचा प्रश्न सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात महत्त्वाचा. आराखड्याचं वर्ष आर्थिक, १ एप्रिल ते ३१ मार्च. विभागाचं वर्ष शैक्षणिक, जून-जुलैपासून. नवा पेपर किंवा अभ्यासक्रम आधी अभ्यास मंडळात जातो, मग विद्याशाखेत, मग विद्या परिषदेत. आमच्याकडे हा प्रवास बहुधा एप्रिल-मे मध्ये संपायचा. तोवर अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेत मंजूर होऊन गेलेला असायचा. म्हणजे विद्या परिषद अभ्यासक्रम मंजूर करायची तेव्हा त्याला लेखाशीर्षच, म्हणजे खर्च टाकायला अर्थसंकल्पातलं खातंच, नसायचं. मग विभाग वर्षभर टिपणी फिरवणार, वित्त विभाग ‘अर्थसंकल्पात तरतूद नाही’ असा शेरा मारणार, आणि पुढच्या मार्चपर्यंत मूळ उत्साह ज्या माणसाचा होता त्याची बदली दुसऱ्या जबाबदारीवर झालेली असणार. वर्षानुवर्षं लोक याला ‘वित्त विभागाची आडमुठेपणाची सवय’ म्हणत होते. प्रत्यक्षात तारखा जुळत नव्हत्या, एवढंच.

आम्ही सुचवलं ते असं: विभागांनी पुढच्या वर्षीची शैक्षणिक प्राधान्यं दिवाळीआधी द्यायची, अभ्यास मंडळांच्या बैठका डिसेंबरपर्यंत उरकायच्या, आणि ज्या प्रस्तावाला पैसे लागतात त्याला विद्या परिषदेची तत्त्वतः मान्यता जानेवारीत घ्यायची, म्हणजे तो आकडा अर्थसंकल्पाच्या मसुद्यात जाईल. अभ्यासक्रमाचा तपशील नंतर मंजूर झाला तरी चालतो. कोणी विशेष विरोध केला नाही. फक्त हिवाळी परीक्षांच्या काळात अभ्यास मंडळाचे सदस्य मिळणं अवघड जातं, ही परीक्षा विभागाची तक्रार खरी होती. काही मंडळांनी बैठका ऑनलाईन घेतल्या. गणपूर्ती झाली, चर्चा कितपत झाली ते सांगता येत नाही.

अभ्यास मंडळांत आणखी एक गोष्ट पुढे आली. मंडळावर संलग्न महाविद्यालयांतले शिक्षकही असतात. त्यांच्यापैकी एका सरांनी शांतपणे विचारलं, “हा आराखडा विद्यापीठाच्या विभागांचा आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं तर आमच्याकडे शिकतात. आमचं प्राधान्य कोण विचारणार?” उत्तर आमच्याकडे नव्हतं. पदवीचे बहुतेक विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत, नवी रचना त्यांच्यावर २०२४-२५ पासून आलेली, आणि आयडीपीत त्यांच्यासाठी एक परिच्छेद. बृहत् आराखड्यात महाविद्यालयं आहेत, पण ती ठिकाणं म्हणून आहेत. हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर आहे असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं. मीच नोंदवलं. तरी निदान प्रश्न नावानिशी नोंदला गेला, आणि पुढच्या बृहत् आराखड्याच्या प्राथमिक टिपणीत तो अधिष्ठाता मंडळाने घेतला आहे.

विद्या परिषदेत खरी लढाई आकड्यांवरून झाली. आयडीपीतली बरीच उद्दिष्टं रँकिंगच्या निकषांवरून उचललेली होती. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधन आणि व्यावसायिक कार्याला ३० टक्के, पदवीधरांच्या फलिताला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकमताला १०. नॅकच्या तेव्हाच्या पद्धतीत विद्यापीठांसाठी हजारपैकी २५० गुण संशोधनाच्या निकषाला आणि २०० अध्यापन-अध्ययनाला. हे आकडे चुकीचे नाहीत. पण ते मोजायला बाहेरून आलेल्या माणसाची पट्टी आहेत. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, की आपण भाषाविभागाकडून स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या शोधनिबंधांची संख्या मागतो, पण मराठीतल्या चांगल्या समीक्षाग्रंथाला रकाना कुठे आहे? त्यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. निष्पन्न एवढं झालं, की प्रत्येक विद्याशाखेला आयडीपीच्या निर्देशांकांखेरीज स्वतःचा एक निर्देशांक ठरवायची मुभा मिळाली. मानव्यविद्येने पुस्तकं आणि संपादित हस्तलिखितं घेतली. विज्ञान शाखेने उपकरणांचा वापर किती तास होतो ते घेतलं, जे मला फार आवडलं, कारण महागडं उपकरण झाकून ठेवण्यात आमचा हात कोणी धरू शकत नाही.

आता हे चालू आहे ते असं. विभागाची मागणी कार्यभाराच्या तक्त्याशिवाय वित्त विभाग स्वीकारत नाही. ही अट आमची नाही, त्या अधिकाऱ्यांनी स्वतःहून लावली. सुसंगतीचा ड्रॉपडाऊन परत आला आहे, कारण वरच्या कार्यालयांना अहवाल त्याच नमुन्यात लागतो, पण आता तो आयक्यूएसी भरते, विभाग नाही. ‘काय थांबवणार’ हा रकाना यंदा निम्म्याहून जास्त विभागांनी भरला. त्यात ‘कागदी हजेरीपट’ असं लिहिणारेही आहेत. सामायिक संशोधन पद्धतीच्या वर्गाला मोठं सभागृह लागतं आणि ते सत्राच्या मधोमध परीक्षेसाठी काढून घेतात, त्यावर अजून तोडगा नाही. संख्याशास्त्रातल्या पदांचा प्रस्ताव शासनाकडे आहे. डेटा सायन्सची स्वतंत्र पदवी त्यामुळे पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत घेतलेली नाही.